काळ्या घोड्याची साक्ष

मुंबईच्या कोटात एक जागा अशी आहे की तिचे नाव ज्या वस्तूवरून पडले, ती वस्तू तेथून हलवल्याला आता साठ वर्षे उलटली; तरी नाव काही हलत नाही. ही जागा म्हणजे काळा घोडा. १८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईस आला. हाच पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. त्याच्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून ह्या बगदादी ज्यू धनिकाने त्याचा अश्वारूढ पुतळा घडवून आणला आणि १८७९ साली तो ह्या रस्त्यावर उभा राहिला. घडवणारा बोएम हा त्या काळचा नामांकित शिल्पकार होता. वर बसलेला पुरुष अर्ध्या जगाचा भावी धनी होता. आणि मुंबईच्या हमालांनी, व्हिक्टोरियावाल्यांनी, कोटात नोकरीस येणाऱ्या कारकुनांनी ह्या भव्य शिल्पाकडे एकवार पाहिले आणि म्हटले, "काळा घोडा!" राजा त्यांना दिसलाच नाही!

माझ्या मते मुंबईच्या सामान्य माणसाने केलेली ही फार मोठी कलासमीक्षा आहे. तिला कोणी पदवी विचारली नाही, तिच्यासाठी कोणी परिसंवाद भरवला नाही. लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, जे जिवंत वाटले ते उचलले आणि उरलेले सोडून दिले. १९६५ साली पुतळा तेथून काढला, आणि राजेसाहेब घोड्यासकट भायखळ्याला राणीच्या बागेत मुक्कामास गेले. पुढे २०१७ साली त्याच भागात एक नवा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वारच नाही! लोकांनी केलेला निवाडा अखेर कायम झाला.

हे सारे मी एवढ्यासाठी सांगतो आहे की, "आम्हांला बुवा कलेतले काही कळत नाही," असे जेव्हा एखादा मराठी गृहस्थ छाती फुगवून सांगतो तेव्हा मला त्या घोड्याची साक्ष काढावीशी वाटते. कारण हे वाक्य मी जास्तीत जास्त वेळा ऐकले आहे ते नेमके त्या घोड्याच्या जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांपाशी.

दिवाळीच्या सुटीत एखाद्या दुपारी तेथे उभे राहून पाहा. डोंबिवलीहून, ठाण्याहून, दादरहून, कुणी पुण्याहून पाहुणे घेऊन अशी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. वस्तुसंग्रहालय पाहून झालेले असते. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून त्यांनी तेथे सर्व काही पायांत गोळे येईपर्यंत पाहिलेले असते. मग ही मंडळी बाहेर पडतात आणि शेजारच्या पदपथावर थबकतात. तेथे चित्रकार बसलेले असतात; समोर बसवून दहा-पंधरा मिनिटांत तुमचा चेहरा कागदावर उतरवून देतात. काय ती गर्दी! धाकट्याचे चित्र काढवून घेतात, "नाक नाही हो जमलं," असे चित्रकाराला तोंडावर सांगतात, काकू मान वाकडी करून "डोळे मात्र हुबेहूब" असा अभिप्राय देतात. म्हणजे पाहण्याची आवड आहे, तुलना आहे, मत आहे आणि ते बोलून दाखवण्याचे धैर्यही आहे. आणि तेथून चार पावलांवर कलादालनाचे दार सताड उघडे आहे. आत जायला एक पैसा पडत नाही. पण ही मंडळी पायऱ्यांकडे एक नजर टाकतात, आवाज खाली आणतात आणि पुढे चालू लागतात. कुणी पोराने विचारलेच, "बाबा, आत काय आहे?" तर उत्तर ठरलेले: "काही नाही रे, चित्रं आहेत. आपल्याला नाही कळत ती."

ह्या उत्तराविरुद्ध माझी तक्रार आहे. ते खोटे आहे, आणि ते आपण आपल्या मुलांना सांगतो आहोत.

ज्या वस्तीत हे दालन उभे आहे तिचा इतिहास जरा आठवा. जुनी मुंबई तटबंदीच्या आत होती, म्हणून तिला आपण अजून कोट म्हणतो. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्याने ते तट पाडले, खंदक बुजवले आणि शहर मोकळे केले. पण तटाची आठवण रस्त्याच्या नावात राहिली. काळ्या घोड्यापाशी जो रस्ता वळतो तो रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाकडेची ओळ. तट गेल्यावर ह्या भागात काय काय उभे राहिले! डेव्हिड ससून ग्रंथालयाची दगडी कमानदार इमारत उभी राहिली. जवळच १८८४ साली निळसर रंगाने ओळखू येणारे ज्यूंचे प्रार्थनामंदिर झाले. वॉटसनच्या लोखंडी सांगाड्याच्या हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि हिंदुस्थानाने पहिल्यांदा चित्रपट पाहिला. ह्या गल्ल्यांतून पारशी, ज्यू, बोहरी, गोवेकर, गुजराती, कोकणी सगळे वावरले. अशा वस्तीत हे दालन आले ते मागाहून, १९५२ साली. सर कावसजी जहांगीर ह्यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शेजारी सगळ्या कमानी, घुमट आणि गॉथिक शिखरे. त्यांत हे काँक्रीटचे, दारावर लाटेसारखे छत घेऊन आलेले नवे घर. ह्या घरासाठी ज्यांनी आग्रह धरला त्यांत एक होते चित्रकार हेब्बर आणि दुसरे होते होमी भाभा. होय, तेच भाभा! अणूचा अभ्यास करणाऱ्या माणसाला शहरात चित्रांसाठी जागा हवी असे वाटले. आणि बँकेत हिशेब करणाऱ्या आपल्याला मात्र ती आपल्या कामाची वाटत नाही!

दगडी तट फ्रिअरने पाडला त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. पण त्या पायऱ्यांवर एक न दिसणारा तट अजून उभा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी बांधला गेला आहे. आधी आपल्या बाजूचे दगड मोजू. मग पलीकडच्यांकडे वळू.

पहिला दगड, "कळत नाही." अहो, कळत नाही म्हणजे काय? परवाच पाडव्याची साडी घेताना तुमच्या घरात दोन तास जो वाद झाला तो कशावर झाला? मोरपंखी की आनंदी, काठ रुंद की बारीक, पदरावरची बुट्टी दाट की विरळ, हा सगळा वाद रंगांचा, रेषेचा आणि मोकळ्या जागेचाच होता. दारात रांगोळी काढताना तुमची लेक ठिपक्यांचा तोल सांभाळते. एक पाकळी लहान झाली तर बोटाने पुसून पुन्हा काढते. आकाशकंदिलाला कोणता कागद लावला म्हणजे आतला उजेड मवाळ दिसेल हे तुमच्या चाळीतल्या पोरांना समजते. हे सारे ज्याला कळते त्याला चित्र कळत नाही, हे मी कसे मानू?

आणि ज्या दिवाळी अंकात तुम्ही हे वाचत आहात त्याचीच गोष्ट घ्या. मराठी घरात चित्र आले ते ह्या अंकांच्या वाटेने. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ह्यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक विकत घेत. कथा मागाहून वाचत. कित्येक घरांतून ती चित्रे कापून भिंतीला लावलेली असत. त्या वेळी कोणी म्हणाले नाही की आम्हांला कळत नाही. आणखी एक उदाहरण देतो. हाताने दिव्याला आडोसा करून उभी असलेली ती तरुणी तुम्ही नक्की पाहिली आहे. दिवाळीच्या दिवसांत तर ती हटकून कुठे ना कुठे भेटतेच. ते चित्र कोणाचे म्हणून विचारले तर दहांपैकी नऊ जण बेधडक रविवर्म्याचे नाव घेतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे! जलरंगांत दिव्याचा उजेड बोटांच्या कडांतून पाझरताना दाखवणारा हा मराठी चित्रकार; त्याचे मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि त्याचे नाव त्याच्याच माणसांना ठाऊक नाही. कळत नाही असे नव्हे, मंडळी. आपण विचारत नाही.

दुसरा दगड, "ते मोठ्या लोकांचे आहे." हे तर इतिहासाच्या उलट आहे. १९४७ साली ज्या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला आणि पुढे ह्या कोटातूनच भारतीय चित्रकलेला नवे वळण दिले, ते कोण होते? हुसेन जन्मले पंढरपुरात. मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. आरा घरगडी म्हणून राबले, दुसऱ्यांच्या मोटारी त्यांनी धुतल्या. रझा नागपूरच्या कलाशाळेतून आले. गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. बाकरे आणि सूझा हे उरलेले दोघे. ह्यांत सोन्याचा चमचा घेऊन कोणी आले होते काय? ज्या माणसांनी ही चित्रे काढली ती तुमच्याआमच्या आळीतली होती. ती पाहणारी माणसे मात्र आळीतली नसावीत, हा न्याय कोणी ठरवला?

वासुदेव गायतोंडे ह्यांची हकीकत तर मनाला लागते. जन्म १९२४ चा, नागपूरचा, वाढले गिरगावातल्या चाळीत, शिकले जे. जे. मध्ये. शांत, अबोल, रंगांच्या थरांतून उजेड वर आणणारा हा माणूस. तो हयात असताना गिरगावात किती जणांनी त्याचे एक तरी चित्र पाहिले होते? २००१ साली ते वारले. २०१३ साली मुंबईतल्या एका लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले आणि आपली वर्तमानपत्रे जागी झाली! २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आपल्याला कळले की हे तर आपलेच. पिकते तेथे विकत नाही ही म्हण आपण शेतकऱ्याच्या तोंडी घालतो. खरी ठरवतो मात्र आपण शहरवाले. आणि लक्षात ठेवा, आपल्याला आठवला तो आकडा. चित्र अजूनही आठवत नाही.

तिसरा दगड, "आत काहीतरी वेडेवाकडे टांगलेले असते." असते ना! मी कुठे नाही म्हणतो? १९९१ साली हुसेन ह्यांनी ह्याच जहांगीरमध्ये पांढरे कापड टांगले, जमिनीवर फाटकी वर्तमानपत्रे पसरली आणि त्यालाच प्रदर्शन म्हटले. तुम्हांला राग आला असता तर तो तुमचा हक्क होता. नाटक पडले तर आपण पडले म्हणतो, गवय्या बेसूर झाला तर मैफलीतून उठतो. पण म्हणून कोणी नाट्यगृहाकडे जन्मभर पाठ फिरवत नाही. न आवडण्यासाठी तरी आत जावे लागते, एवढेच माझे म्हणणे.

आता पलीकडच्या बाजूकडे वळतो. कारण सगळा दोष वाचकांच्या माथी मारून मोकळे होणे हा कलाप्रेमी म्हणवणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे, आणि मला त्यात सामील व्हायचे नाही.

काही वर्षांपूर्वी माझी आत्या रत्नागिरीकडून आमच्याकडे दिवाळीस आली होती. नऊवारी नेसणारी, सत्तरी ओलांडलेली, शाळा चौथीपर्यंतची. तिला मी कोटातल्याच एका दालनात घेऊन गेलो. कोणत्या ते सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण तसे दुसरीकडेही घडू शकते. दारातल्या रखवालदाराने आधी तिच्या पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे. आत टेबलापाशी बसलेल्या मुलीने इंग्रजीत विचारले, आम्हांला काही मदत हवी आहे का. तिचा सूर असा होता की बाहेरची वाट दाखवणे हीच ती मदत असावी. भिंतीवर एक मोठे लांबट चित्र होते. करडा, मातकट आणि मध्येच पातळ रुपेरी रंग. आकार म्हणून ओळखीचा एकही नाही. शेजारी इंग्रजीत दीड पानाचे टिपण लावलेले. मी ते वाचून काढले. त्यातला एकही शब्द मला त्या चित्राजवळ नेईना. आत्या मात्र त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "अरे, ही तर ओहोटी. खाजणातलं पाणी उतरलं म्हणजे चिखल असाच चकाकतो. पहाटे. उन्हं वर आली की नाही दिसत."

मी परत चित्राकडे पाहिले आणि मला ती पहाट दिसली. चित्रकाराच्या मनात ती होती की नव्हती, मला ठाऊक नाही. पण दीड पानाच्या इंग्रजीने जे केले नाही ते चौथी शिकलेल्या बाईच्या चार वाक्यांनी केले. आणि त्या दालनातल्या कोणालाही तिला विचारावेसे वाटले नव्हते की, "आजी, तुम्हांला काय दिसलं?"

तेव्हा कलादालने चालवणाऱ्यांना आणि माझ्या चित्रकार मित्रांना माझा सवाल आहे. ज्या शहरात तुम्ही भिंत भाड्याने घेता त्या शहराच्या भाषेत चित्राखाली दोन ओळी लिहायला तुमचा काय हात दुखतो? सांगलीकडून, कोल्हापूरकडून मुले येतात. जहांगीरमध्ये भिंत मिळावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहतात. आणि नंबर लागला की आपल्या प्रदर्शनाची पत्रिका अशा इंग्रजीत छापतात की ती त्यांना स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवता येत नाही. का? तर गिऱ्हाईक इंग्रजी वाचते म्हणून. पण गिऱ्हाईक आणि प्रेक्षक ह्यांत फरक आहे, मित्रांनो. गिऱ्हाईक चित्र घेऊन जातो आणि ते एका बंगल्यात बंद होते. प्रेक्षक ते डोळ्यांत घेऊन जातो आणि दहा जणांना सांगतो. जी कला केवळ गिऱ्हाइकांवर जगते ती एक दिवस त्यांच्या तिजोरीतच मरते. इंग्रजी काढून टाका असे मी म्हणत नाही. शेजारी मराठीला जागा द्या.

आणि सरकारनेही कान उपटून घ्यावा असे एक कलम आहे. आपल्या राज्यात दरवर्षी लाखांनी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. घरोघर पोस्टरचे रंग येतात, स्थिरचित्रासाठी तांब्या आणि वांगी मांडली जातात, दहावीच्या गुणांत त्याची भर पडते. ह्या मुलांपैकी किती जणांना शाळेने एकदा तरी खऱ्या चित्रासमोर नेऊन उभे केले? पोहण्याची परीक्षा घ्यायची आणि पाणी दाखवायचे नाही, असा हा प्रकार आहे! मग तीच मुले मोठी होऊन त्या पायऱ्यांवर थबकतात आणि आपल्या पोरांना म्हणतात, "आपल्याला नाही कळत."

कोणी म्हणेल, १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो, तेथे तर मुंगीला शिरायला वाव नसतो! खरे आहे, आणि त्या गर्दीचा मला आनंदच आहे. पण ते वर्षातले नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत लोक मांडलेल्या वस्तूंसमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतात आणि चित्राकडे पाठ करून चित्राच्या साक्षीने हसतात. जुन्या कमानी, जुने दगड, कलादालनाची पायरी, सगळे मागे पडद्यासारखे. दहाव्या दिवशी रस्ता झाडून निघतो आणि दालने पुन्हा पूर्वीसारखी शांत होतात. जुन्या वस्तीला जत्रेचा मांडव करून टाकले की तिचे रक्षण झाले असे वाटू लागते. पण वस्ती जगते ती रोजच्या पायांवर. जहांगीरच्या व्हरांड्यात १९६४ पासून 'समोवार' नावाचे चिंचोळे उपाहारगृह होते. चित्रकार, नट, वकील, विद्यार्थी, सगळे तेथे चहाच्या एका कपावर तास घालवीत. २०१५ साली ते बंद झाले. समोरच्या बाजूचे 'ऱ्हिदम हाउस' हे गाण्याच्या तबकड्यांचे दुकान २०१६ साली मिटले. दोन्ही वेळा हळहळ करणारे पुष्कळ निघाले. त्यांतले किती जण गेल्या वर्षभरात तेथे फिरकले होते, हे विचारायचे मात्र राहून गेले. २०१८ साली ह्या परिसरातल्या इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. फार चांगले झाले. पण वारसा ज्याला मिळाला तो वारसदार पायरीवरूनच परत फिरत असेल, तर तो वारसा बेवारसच म्हणायचा.

म्हणून ह्या दिवाळीत माझे तुमच्याकडे मागणे आहे, आणि ते फराळाच्या ताटाइतके साधे आहे. भाऊबीज आटोपली की एक दुपार काढा. चर्चगेटला उतरा, पंधरा मिनिटे चाला. आत्याला, मावशीला, आजोबांना, पोरांना, सगळ्यांना न्या. पायऱ्या चढा. कोणी रोखून पाहिले तर तुम्हीही रोखून पाहा. हे घर एका बापाने आपल्या मुलाच्या आठवणीसाठी शहराला दिले आहे आणि शहर म्हणजे तुम्ही आहात. आत गेल्यावर टिपणे वाचू नका, किमती विचारू नका. प्रत्येकाने एक चित्र निवडावे आणि त्याच्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे. मग बाहेर येऊन एकमेकांना सांगावे, मला काय दिसले. आवडले नाही तर तसे सांगावे. चित्रकार तेथेच कुठेतरी बसलेला असतो, त्यालाच मराठीत विचारावे, "हे असं का काढलंत?" तो दचकेल. कदाचित त्याच्या जन्मात हा प्रश्न मराठीत त्याला कोणी विचारलेला नसेल. पण उत्तर देताना त्याच्याही ध्यानात येईल की पुढच्या वेळी पत्रिका कोणत्या भाषेत छापायची.

आणि पुढे कधी मुलांना पेंग्विन दाखवायला राणीच्या बागेत न्याल, तेव्हा तेथल्या त्या जुन्या अश्वारूढ पुतळ्यासमोर जरा थांबा. मुलांना विचारा, "काय दिसतंय रे?" ती म्हणतील, "घोडा!" मग त्यांच्या पाठीवरून हात फिरवा आणि सांगा, "बरोबर. तुझ्या पणजोबांनाही हेच दिसलं होतं."